न विचारता उचललेली गाडी: कॅलिफोर्नियात कायदा काय म्हणतो आणि आपण काय करायचं

(सान होजे इथे रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. ज्यांना कामामुळे येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही.)



आठवड्यात सुट्टीचा एकच दिवस. त्यात कपडे धुवायचे, बाजार आणायचा, गावी फोन करायचा. तरी तुम्ही आलात, म्हणून वेळ न घालवता मुद्द्यावर येतो. आज पगाराबद्दल बोलणार नाही, व्हिसाबद्दलही नाही. आज बोलायचंय गाडीबद्दल. तुम्ही नसताना, तुम्हाला न विचारता, कुणीतरी ट्रकला अडकवून उचलून नेलेल्या गाडीबद्दल.

हा विषय कुणाला किरकोळ वाटेल. पण मुंबईत एक लोकल चुकली तर मागून दुसरी येते. इथे रात्री साडेअकराला किचन बंद झाल्यावर घरी जायला बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. गाडी गेली की दुसऱ्या दिवशीची पाळी गेली, आणि दोन पाळ्या गेल्या की कधीकधी काम गेलं.

आपल्यातल्याच एका भावाची गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही, त्यानेच तसं सांगितलंय. सातारकडचा माणूस, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करतो. मालकाने सांगितलं, आपल्या दारात गिऱ्हाइकांना जागा लागते, तू तुझी गाडी शेजारच्या दुकानांच्या आवारात लाव. हा चार वाजता गाडी लावून कामाला गेला. रात्री बाहेर आला तर गाडी नाही. त्याला वाटलं, चोरीला गेली. पोलिसांना फोन करायची भीती वाटली, कारण कागदपत्रांचं प्रकरण अर्धवट होतं. दोन तास चालत घरी गेला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं की अरे, टो केली असेल, शोध. सापडली. तोवर रोजचं ठेवायचं भाडं चढत गेलं होतं. आठवड्याच्या पगाराएवढे पैसे त्याने रोख मोजले, पावती मागितली नाही, गाडी घेऊन आला. मधल्या दोन पाळ्या बुडाल्या त्या वेगळ्या.

त्याला कायदा माहीत असता तर यातलं बरंचसं टळलं असतं. म्हणून तो कायदाच आज समजून घेऊ. मी वकील नाही. पण हा कायदा साधा आहे, आकड्यांत लिहिलेला आहे, आणि तो आपल्यालाही तेवढाच लागू आहे जेवढा इथे जन्मलेल्या माणसाला.

आधी हे ओळखा: गाडी कुणी नेली?

पुण्या-मुंबईत गाडी उचलली म्हणजे ट्रॅफिक पोलिसांचं काम, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. रस्त्याच्या कडेची गाडी, टोइंगची व्हॅन, बरोबर हवालदार. म्हणून इथेही गाडी गेली की आपण धरून चालतो की सरकारने नेली, आता वाद घालण्यात अर्थ नाही.

इथे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिला, सार्वजनिक रस्त्यावरून पोलिसांनी किंवा शहराच्या खात्याने उचललेली गाडी. दुसरा, हप्ते थकले म्हणून कर्ज देणाऱ्याने नेलेली गाडी. आणि तिसरा, खाजगी जागेतून, म्हणजे दुकानांच्या आवारातून, अपार्टमेंटच्या पार्किंगमधून, मोटेलच्या अंगणातून, जागेच्या मालकाच्या सांगण्यावरून टोइंग कंपनीने नेलेली गाडी. तिन्हींचे नियम वेगळे. आपल्या लोकांच्या बाबतीत तिसरा प्रकार वारंवार दिसतो, म्हणून आज मुख्यतः त्याबद्दल.

या तिसऱ्या प्रकारात टोइंग कंपनी हा एक धंदा आहे. तिला सरकारचा अधिकार नाही. तिला अधिकार मिळतो तो जागेच्या मालकाकडून, आणि मालकाला मिळतो तो कायद्याच्या अटी पाळल्या तरच. त्या अटी कॅलिफोर्निया व्हेईकल कोडच्या कलम २२६५८ मध्ये आहेत. हा आकडा लिहून घ्या. फोनमध्ये ठेवा. बावीस हजार सहाशे अठ्ठावन्न.

मालक गाडी कधी उचलू शकतो

चार परिस्थितींत.

एक: आवाराच्या प्रत्येक प्रवेशावर, सहज दिसेल असा, फलक लावलेला असेल तर. फलक किमान १७ इंच बाय २२ इंच, अक्षरं किमान एक इंच उंच. त्यावर लिहिलेलं हवं की इथे बाहेरच्यांना पार्किंग नाही आणि गाडी मालकाच्या खर्चाने उचलली जाईल. शिवाय स्थानिक पोलिसांचा फोन नंबर, आणि ज्या टोइंग कंपनीशी लेखी करार आहे तिचं नाव आणि नंबर. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. आवाराला दोन फाटकं असतील आणि फलक एकाच फाटकावर असेल, तर अट पूर्ण झाली नाही. झाडाच्या फांदीमागे लपलेला फलक म्हणजे सहज दिसणारा फलक नव्हे.

दोन: गाडीवर पार्किंगच्या नियमभंगाची नोटीस लावली असेल आणि त्यानंतर ९६ तास, म्हणजे पूर्ण चार दिवस, उलटले असतील तर.

तीन: गाडी चालण्याच्या स्थितीतच नसेल, म्हणजे इंजिन नाही, चाक नाही, दार नाही, पुढची काच नाही, आणि मालकाने पोलिसांना कळवून २४ तास झाले असतील तर. आपल्यात कुणी जुनी गाडी घेऊन ती सुट्टीत दुरुस्त करत असतो. चाकं काढून ती अपार्टमेंटच्या आवारात ठेवू नका. तिला ही तिसरी अट लागू होते.

चार: ती जागा एका कुटुंबाच्या स्वतंत्र घराची असेल तर. कुणाच्या घराच्या ड्राइव्हवेमध्ये परवानगीशिवाय गाडी लावली, तर तिथे फलकाची गरज नाही.

कुणीतरी सही करायला हवी

दुसरी अट ही, आणि बऱ्याच जणांना ती माहीत नसते. टोइंग कंपनी आपल्या मनाने आवारात फेऱ्या मारत, दिसेल ती गाडी उचलू शकत नाही. प्रत्येक गाडीसाठी जागेच्या मालकाची, भाडेकरूची किंवा त्याच्या माणसाची लेखी परवानगी आधी लागते. ती देणारा माणूस गाडी उचलताना तिथे हजर हवा, आणि नियम मोडलाय हे त्याने स्वतः बघितलेलं हवं.

याला अपवाद थोडे आहेत. गाडी आग विझवायच्या नळापासून १५ फुटांच्या आत असेल, फायर लेनमध्ये असेल किंवा आत-बाहेर जायची वाट अडवत असेल, तर मालकाने आधी दिलेली सर्वसाधारण परवानगी चालते. पण तिथेही गाडी हलवण्याआधी, नियमभंग स्पष्ट दिसेल असा फोटो कंपनीने काढायलाच हवा. दुसरा अपवाद १५ किंवा त्याहून कमी घरांच्या भाड्याच्या इमारतीचा, जिथे मालकाचं कुणी राहत नाही. तिथे तुमच्या ठरलेल्या जागेत दुसऱ्याने गाडी लावली तर भाडेकरू सहीनिशी लेखी मागणी करू शकतो, आणि मालक तिथे हजर नसला तरी चालतो.

टोइंग कंपनीने जागेच्या मालकाला किंवा मॅनेजरला 'गाडी दे, कमिशन घे' असं करणं बेकायदा आहे. देणंही आणि घेणंही.

दुकानाच्या आवारातला एक तास

आणखी एक कलम आहे, २२९५३. जी खाजगी जागा लोकांना फुकट पार्किंगसाठी खुली आहे, उदाहरणार्थ किराणा दुकानाचं किंवा दुकानांच्या रांगेचं आवार, तिथून गाडी लावल्यापासून एका तासाच्या आत ती उचलता येत नाही. विनाकारण कुणी अडकून धोक्यात पडू नये, हा हेतू कायद्यातच लिहिलेला आहे. अपवाद वरचेच: नळ, फायर लेन, वाट अडवणं, आणि शिवाय अपंगांसाठी राखलेली जागा. राहत्या इमारतींच्या पार्किंगला हा एक तास लागू नाही. मोटेलमध्ये खोलीचा नंबर घातलेल्या जागांनाही नाही. ज्याने हे कलम मोडलं त्याला टोइंग आणि ठेवण्याच्या खर्चाच्या दुप्पट रक्कम तुम्हाला द्यावी लागते.

यात आपल्या डिलिव्हरीवाल्या मुलांनी लक्ष द्यावं. ऑर्डर उचलायला दहा मिनिटं थांबलात आणि गाडी गेली, तर आधी तुमच्या ॲपमधली वेळ बघा. तो तुमचा पुरावा आहे.

तुम्ही आलात आणि गाडी ट्रकला लावलेली आहे

हा प्रसंग नीट लक्षात ठेवा, कारण इथे दोन मिनिटांत सगळं ठरतं.

गाडी अजून त्या आवाराच्या बाहेर पडलेली नसेल, तर तुम्ही किंवा तुमच्या वतीने आलेल्या माणसाने मागितल्यावर ती ताबडतोब आणि विनाअट सोडायची, असं कायदा सांगतो. न सोडणं हा गुन्हा आहे. गाडी ट्रकला जोडून झाली असेल किंवा वर उचलली असेल, तर कंपनी नेहमीच्या टोइंग दराच्या जास्तीत जास्त अर्धा आकार लावू शकते. पूर्ण दर लावायचा हक्क तिला मिळतो तो गाडी आवाराबाहेर पडून रस्त्याला लागल्यावरच. आणि गाडी सुटली की तुम्ही ती लगेच तिथून हलवायची, हे तुमच्यावर बंधन आहे.

काय बोलायचं? ओरडायचं नाही. सांगायचं, ही माझी गाडी आहे, ती अजून आवारात आहे, कलम २२६५८ प्रमाणे सोडा. फोनवर व्हिडिओ चालू करा, त्यात गाडी, ट्रक आणि आजूबाजूची जागा येऊ द्या. ऐकत नसेल तर तिथूनच पोलिसांना फोन करा.

काय करायचं नाही? ट्रकसमोर उभं राहायचं नाही, उचललेल्या गाडीत चढून बसायचं नाही, ड्रायव्हरच्या अंगाला हात लावायचा नाही. तुमचा हक्क कितीही खरा असला तरी हातापायी झाली की प्रकरण तुमच्यावर उलटतं. ट्रक चालवणारा माणूसही बहुतेक वेळा आपल्यासारखाच रात्रपाळीचा कामगार असतो. भांडण त्याच्या कंपनीशी आहे.

गाडी गेलेली आहे: पहिला अर्धा तास

पहिलं, जागा सोडून जाऊ नका. तुम्ही गाडी जिथे लावली होती तिथला फोटो घ्या. मग आवाराच्या प्रत्येक फाटकावर जा आणि तिथले फोटो घ्या, फलक असेल तरी आणि नसेल तरी. नसलेल्या फलकाचा फोटो सगळ्यात किमतीचा असतो. उद्या तिथे नवा फलक लागला तर तुमच्या शब्दाला दुसरा आधार राहणार नाही.

दुसरं, फलकावरच्या नंबरवर, नाहीतर स्थानिक पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन करा. ९११ वर नको. गाडी उचलल्याची खबर टोइंग कंपनीने पोलिसांना द्यायचीच असते. गाडी आवारातून निघाल्यापासून ३० मिनिटांच्या आत दिली नाही, तर कंपनीला खर्चाच्या तिप्पट रक्कम तुम्हाला द्यावी लागते. ६० मिनिटं उलटली, किंवा यार्डात पोचून १५ मिनिटं झाली, यातलं जे आधी होईल ते झालं, तर तो फौजदारी गुन्हा होतो. म्हणून पोलिसांना दोन गोष्टी विचारा: गाडी कुठे आहे, आणि खबर किती वाजता आली? ती वेळ लिहून ठेवा.

आता तो भीतीचा प्रश्न. कागदपत्रं अर्धवट असलेल्या माणसाने पोलिसांना फोन करावा का? कॅलिफोर्नियात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे राज्यातल्या स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनच्या अंमलबजावणीसाठी तुमचा इमिग्रेशनचा दर्जा विचारता येत नाही. माझी गाडी टो झाली का, एवढंच तुम्ही विचारत आहात. गाडीचा नंबर, मॉडेल, जागा, एवढं सांगितलं की पुरतं. तरीही धीर होत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून फोन करवून घ्या. पण तीन दिवस गप्प बसू नका. गप्प बसण्याचं भाडं रोज लागतं.

यार्डात गेल्यावर

गाडी जिथून उचलली तिथून १० मैलांच्या आतल्याच यार्डात ठेवायची, असा नियम आहे. नेहमीच्या वेळेत यार्ड उघडं हवं, आणि त्या वेळेनंतरही गाडी सोडण्याची सोय हवी. अवेळी, शनिवार-रविवारी किंवा सुट्टीला गेलात तर ते 'गेट फी' घेऊ शकतात, पण ती टोइंगच्या तासाच्या दराच्या निम्म्याहून जास्त नसावी.

गाडी यार्डात आल्यापासून २४ तासांच्या आत सोडवलीत, तर ठेवण्याचं भाडं एकाच दिवसाचं. मध्ये रात्रीचे बारा वाजले म्हणून दोन दिवस लावता येत नाहीत. ही फसवणूक साधी आहे आणि बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

पैसे रोख किंवा क्रेडिट कार्डाने घ्यायलाच हवेत. कार्ड देणाऱ्याच्याच नावाचं हवं. 'फक्त कॅश' असं म्हणणाऱ्या यार्डवाल्यावर खर्चाच्या चौपट रकमेची जबाबदारी येते. जमलं तर कार्डच द्या. कार्डाची नोंद राहते.

तीन कागद मागा. एक, टोइंगच्या परवानगीची प्रत, ज्यावर आवाराच्या माणसाची सही आहे. दोन, प्रत्येक रक्कम वेगळी दाखवणारं बिल: टोइंग किती, ठेवण्याचं किती, बाकी काय. तीन, पैसे भरल्याची पावती. गाडी राहत्या जागेतून नेली असेल तर परवानगीची प्रत देताना सही करणाऱ्याचं नाव आणि पत्ता ते झाकू शकतात, पण प्रत नाकारू शकत नाहीत.

गाडीतलं सामान हे तुमचं आहे. गाडीवर त्यांचा ताबा आहे, सामानावर नाही. नोंदणीकृत मालकाने किंवा त्याच्या माणसाने मागितलं की सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ५ या वेळेत, सरकारी सुट्टी सोडून, ते फुकट द्यायला हवं. गाडी सोडवायला पैसे नसले तरी. आपल्या भावाच्या गाडीत त्याच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या होत्या, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या. त्या मिळाल्या असत्या तर निदान एक पाळी तरी वाचली असती. सुतारकाम, रंगकाम, प्लंबिंग करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. हत्यारं आधी सोडवा.

पैसे भरायचे की नाही भरायचे? माझं मत विचाराल तर भरा आणि गाडी सोडवा. तुम्ही बरोबर असलात तरी भाडं थांबत नाही, आणि फार दिवस गेले तर कंपनी थकबाकीपोटी गाडी विकायची कारवाई सुरू करते. पण बिलावर स्वतःच्या हाताने लिहा: 'पेड अंडर प्रोटेस्ट'. म्हणजे पैसे भरले, पण मान्य नाही म्हणून भरले. सही, तारीख, आणि त्याचा फोटो.

गाडी कुणाच्या नावावर आहे?

इथे आपली घरची अडचण येते. आपल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. कुणी देशात परत जाताना स्वस्तात देऊन जातो, आपण विश्वासावर घेतो, आणि नाव तसंच राहतं. मग गाडी उचलली गेली की यार्डवाला विचारतो, तू कोण? आणि नोंदणीकृत मालक असतो कोल्हापुरात.

गाडी घेतल्यापासून १० दिवसांत ती नावावर करायला डीएमव्हीकडे अर्ज करायचा असतो. पत्ता बदलला तरी १० दिवसांत डीएमव्हीला कळवायचं असतं. आपण खोली वर्षात दोनदा बदलतो आणि पत्ता जुनाच राहतो. टोइंगची आणि विक्रीची नोटीस त्याच जुन्या पत्त्यावर जाते.

याचा परिणाम काय होतो ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यात दिसतं. न्यू हॅम्पशायर राज्यातला एक भाडेकरू. फेब्रुवारी २००७ मध्ये बर्फाचं वादळ आलं. इमारतीचा नियम होता की बर्फ काढायला गाड्या हलवायच्या. हा माणूस आजारी, अंथरुणाला खिळलेला. गाडी हलवली नाही, मालकाने ती उचलायला लावली. त्याला पत्ताच नाही. पुढे तो हॉस्पिटलात गेला, त्याचा पाय कापावा लागला, हृदयविकाराचा झटका आला. टोइंग कंपनीने पाठवलेलं पत्र 'पत्ता सोडून गेले' असा शेरा मारून परत आलं. त्याच्या वकिलाने गाडीचा माग काढला आणि पैसे भरून गाडी घेतो असं कळवलं, तरी कंपनीने ती दुसऱ्याला देऊन टाकली. त्याला एक पैसा मिळाला नाही.

कंपनीचं म्हणणं होतं की केंद्र सरकारचा वाहतूक कायदा आमच्या बाजूने आहे, म्हणून राज्याच्या कायद्याखाली आमच्यावर दावाच करता येत नाही. १३ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं एकमताने फेटाळलं. निकाल न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला. टो केलेली गाडी ठेवणं आणि तिची विल्हेवाट लावणं याबद्दल राज्याच्या कायद्याखाली दावा करता येतो, असं त्यात ठरलं. आजारी, एकटा भाडेकरू आणि एक टोइंग कंपनी, एवढाच तो वाद होता. पण त्या माणसाने सोडून दिलं नाही, आणि त्याचा उपयोग आज आपल्याला आहे.

पैसे परत कसे मागायचे

कायदा मोडला तर कोण किती देणं लागतो, ते थोडक्यात सांगतो. फलक नव्हता किंवा नियमाप्रमाणे नव्हता, तर जागेचा मालक दुप्पट देणं लागतो. दर अवाजवी लावला, तर लावणारा चौपट. लेखी परवानगीशिवाय गाडी उचलली, तर टोइंग कंपनी चौपट.

आधी पत्र लिहायचं. एक पान पुरे. काय झालं, कुठलं कलम मोडलं, किती पैसे परत हवेत, किती दिवसांत. फोटो आणि बिलाच्या प्रती जोडायच्या, मूळ कागद आपल्याकडे ठेवायचे. उत्तर आलं नाही तर स्मॉल क्लेम्स कोर्ट. तिथे सुनावणीला वकील उभे राहत नाहीत, तुम्ही स्वतः बोलता. एका माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात. अर्जाचा नमुना एससी-१००. फी रकमेप्रमाणे ३० ते ७५ डॉलर, आणि कमाई कमी असेल तर फी माफीचा अर्ज करता येतो. भाषेची अडचण असेल तर दुभाषा मागा, आणि मराठी हवा हे आधीच कळवा, म्हणजे कोर्टाला शोधायला वेळ मिळेल. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: दावा करणारा हरला तर त्याला अपील नाही. म्हणून तयारी करून जा.

पोलिसांनी किंवा शहराने रस्त्यावरून गाडी उचलली असेल, तर रस्ता वेगळा. नोटिशीच्या तारखेपासून १० दिवसांच्या आत सुनावणी मागायची. मागितल्यावर ४८ तासांत, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून, ती व्हायला हवी. गाडी उचलायला योग्य कारण नव्हतं असं ठरलं तर खर्च त्या खात्याने सोसायचा. ते १० दिवस चुकवू नका.

दुसऱ्या राज्यांत, दुसऱ्या देशांत नियम वेगळे असतात. हे भाषण वाचणाऱ्या आपल्या इंग्लंडमधल्या मंडळींसाठी सांगतो: इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१२ पासून खाजगी जागेत कायदेशीर अधिकाराशिवाय गाडीला जॅमर लावणं किंवा ती उचलणं हाच गुन्हा आहे. म्हणजे तिथे कायदा आपल्यापेक्षा पुढे आहे. आपण जिथे राहतो तिथला नियम एकदा शोधून ठेवायचा, एवढंच.

आपल्या बाजूने काय

कायदा सांगितला, आता थोडं आपल्याबद्दल. एका खोलीत सहा जण राहायचं, जागा दोनच गाड्यांना, आणि उरलेल्या गाड्या पाहुण्यांच्या जागेत, फायर लेनमध्ये लावायच्या, हे आपण करतो. फायर लेनमधून गाडी गेली तर मी तुमच्याबरोबर कोर्टात येणार नाही. ती वाट आग लागली तर आपल्याच पोरांना बाहेर काढायला असते. अपंगांच्या जागेचंही तेच.

आणि मालक म्हणाला की तिकडे शेजारच्या आवारात लाव, तर त्याला विचारा, साहेब, त्या जागेच्या मालकाने परवानगी दिलीय का? दिली असेल तर तसं मेसेजवर कळवा. तोंडी शब्दावर गाडी लावायची नाही. मेसेज असला तर उद्या निदान एवढं दाखवता येतं की तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून तिथे गेलात.

आपल्या त्या भावाचं पुढे काय झालं ते सांगून संपवतो. आम्ही दोघं त्या आवारात परत गेलो. आत यायला दोन फाटकं. फलक एकाच फाटकावर. तो ज्या फाटकाने आत गेला होता तिथे काहीच नव्हतं. फोटो काढले. त्याने बिल मागून आणलं, द्यायला त्यांनी तीन फेऱ्या मारायला लावल्या. मग जागेच्या मालकाला इंग्रजीत एक पान लिहिलं, कलमाच्या आकड्यासह. उत्तर नाही. स्मॉल क्लेम्समध्ये अर्ज टाकला. सुनावणीच्या आधी आवाराच्या मॅनेजरचा फोन आला आणि टोइंग आणि भाडं मिळून जेवढे गेले होते तेवढे परत मिळाले. दुप्पट मिळाले नाहीत. तो म्हणाला, पुरे, मला परत सुट्टी मिळणार नाही. मी आग्रह केला नाही. त्याची बुडालेली मजुरी तर कुणीच दिली नाही.

पण त्या आवारात आता दोन्ही फाटकांवर फलक आहेत. त्या रेस्टॉरंटमधले बाकीचे चौघे तिथे गाडी लावत नाहीत, कारण फलक त्यांना दिसतो. मला वाटतं, एवढ्यासाठीही ती खटपट करण्यासारखी होती.

आता कुणाची गाडी गेली असेल, जात असेल, किंवा जुनं बिल कुणाकडे पडलं असेल, तर मागे टेबलावर घेऊन या. चहा होईपर्यंत एकेक बघू. आणि जाण्याआधी सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या कागदांवरचं नाव आणि पत्ता एकदा वाचून बघा. ज्याचा पत्ता जुना निघेल त्याने आजच इथे बसून तो बदलायचा. मी फोन घेऊन बसलोय.